भाजलेल्या चहाची गोडी

आपल्या प्रांतीं चहा म्हटला कीं दूध, साखर आणि आलें हीं ओघानेंच आलीं. ज्या गांवाच्या नांवांतच दूध आहे, त्या आमच्या दुधनींत तर दुधावांचून चहा ही कल्पनाच कोणास रुचत नाहीं. तथापि 'चहा' हा शब्द मूळचा चिनी 'चा' होय, आणि त्या देशीं तो बहुधा दुधासाखरेवांचूनच पितात.

आमच्या घरीं वृद्ध आत्याबाई आहेत. मधुमेहामुळें त्यांची साखर बंद झाली, तेव्हांपासून सायंकाळीं चहाचे पेले मांडले कीं त्या कांहीं तरी निमित्त काढून उठून जात. घरांतील वडील माणसानें असें उठून जावें, हें आमच्या मनास फार लागे. अशांत एका जुन्या विद्यार्थ्यानें भाजलेल्या ऊलाँग चहाची लहानशी पुडी आणून दिली.

हा चहा चीनच्या फूच्येन प्रांतांतील वूयी पर्वताचा. १९९९ सालीं युनेस्कोनें हा पर्वत जागतिक वारशांत गणिला. तेथें पानें सुकवून व हलवून त्यांच्या कडा किंचित् तांबूस होऊं देतात. मग तापल्या कढईंत परतून तो पालट थांबवितात, पानें वळतात, आणि शेवटीं राखेनें झांकलेल्या कोळशांच्या मंद आंचेवर बांबूच्या टोपलींत तासन् तास भाजतात.

आम्हीं ५ ग्रॅम पानें झांकणाच्या पेल्यांत घालून वर उकळतें पाणी ओतलें, आणि १५-२० सेकंदांत गाळून घेतलें. रंग गडद मधासारखा आला. पहिला घोट धुरकट व कडवट लागला. मुलांनीं तोंडें वांकडीं केलीं. आत्याबाईंनीं मात्र पेला नाकाशीं धरिला व म्हणाल्या, "अगोबाई, हा तर फुटाण्यांच्या भट्टीचा वास!" दुसऱ्या पाण्यास कडवटपणा निवळला; तिसऱ्यास घोट गिळल्यावर घशांत गोडी उमटली. साखरेचा कण नसतां ती आली कोठून, म्हणून मुलेंही पुढें सरकलीं. तींच पानें सहा पाण्यांस पुरलीं, आणि तोंवर आत्याबाई जागच्या हलल्या नाहींत.

ती पुडी केव्हांच संपली. आतां आत्याबाई आपल्या नेहमींच्याच चहाचें कोरें पाणी मूठभर फुटाण्यांसह घेतात. पण उठून जात नाहींत.

विद्यार्थिमित्रांनो, कांहीं वस्तूंची गोडी तिसऱ्या पाण्यास उतरते. तोंवर थांबावें, आणि शक्य तर कोणाच्या तरी सोबतीनें थांबावें.