न फिटलेला बांबू

बांबूउडीत मी जिल्ह्यापलीकडे कधी गेलो नाही. जे थोडंफार कळलं ते बुरूडआळीत, तेही उशिरा.

आठवीत सरांनी बांबू आणायला पाठवलं. मी सगळ्यांत हिरवागार, तुकतुकीत बांबू उचलला. सुपं विणणाऱ्या काकांनी तो परत ठेवायला लावला. "कोवळा आहे, यंदाचाच. तीन-चार पावसाळे काढलेला घे." मग विचारलं, "वजन किती रे तुझं?" मला हसू आलं. बांबूला माझ्या वजनाशी काय करायचंय?

त्यांनी निवडून दिला, वर बजावलं : उन्हात टाकू नकोस, साल खरवडू नकोस. मी तो उन्हाळाभर शाळेच्या पत्र्यावर टाकला. दिवाळीनंतर ऐन उडीत तो उभा चिरला आणि मी वाळूच्या खड्ड्याच्या कडेवर आपटलो. सरांना सांगितलं, बांबूच कच्चा दिला होता. सरांनी ते काकांना ऐकवलं. मी शेजारीच उभा होतो. काकांनी चिरेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा बांबू काढून दिला. पैसे घेतले नाहीत.

कॉलेजात पहिल्यांदा फायबर ग्लासचा पोल हातात आला. त्यावर किलोंत वजन छापलेलं होतं. उडी मारणाऱ्याच्या वजनाला साजेसा पोल नसेल तर तो वाकतच नाही, नाहीतर जास्त वाकतो. काकांचा प्रश्न तेव्हा कुठे समजला. पुढे कळलं, काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनसह दांडीवर गुंडाळून, भट्टीत तापवून तो पोल बनतो. बांबूतही धागे उभेच, आणि सालीजवळ सगळ्यांत दाट. साल का खरवडायची नाही, तेही मग उमगलं.

अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने 1940 मध्ये बांबू घेऊनच प्रथम पंधरा फूट पार केले. 1942 मधली त्याची 4.77 मीटरची उडी 1957 पर्यंत जागतिक विक्रम होती. हे वाचलं तेव्हा माझी 'कच्च्या बांबू'ची तक्रार आठवून कानशिलं तापली. आता पोल काचेचे, कार्बनचे. आपण मात्र अजून बांबूउडीच म्हणतो.

काकांना खरं सांगायला गेलो, तेव्हा ते नव्हते. तो दुसरा बांबू आमच्या ओसरीत, आढ्याखाली सावलीत आडवा टांगलेला आहे. त्याचे पैसे द्यायचे राहिले.