यंत्राचें मौन

नवें यंत्र हातीं आलें म्हणजे सोबतची माहितीपुस्तिका बाजूस सारून आधीं कळ दाबून पाहण्याचा मोह लहानथोर सर्वांस सारखाच होतो. आम्ही पदार्थविज्ञानाचे पदवीधर आणि वीस वर्षांचे शिक्षक. तेव्हां हा मोह आम्हांस अंमळ अधिकच झाला, आणि त्याचें प्रायश्चित्त मात्र एका निरपराध मुलास भोगावें लागलें. ती हकीकत बहुतेक पालकांच्या कानीं गेली आहे. तीपासून आम्ही काय शिकलों, तें सांगावयाचें राहून गेलें होतें.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत खोखोच्या मैदानालगतची जुनी पत्र्याची पडवी उतरविण्यांत आली. पत्रे गेले, वासे गेले. परंतु त्यांतून निखळलेले खिळे मैदानांत विखुरले, आणि वर मुरूम पसरून रूळ फिरविल्यानें दिसेनासे झाले. पावसाच्या सरींनीं मुरूम धुपूं लागला, तेव्हां दोन खिळ्यांनीं डोकीं वर काढलीं. आपल्या शाळेंत खोखो अनवाणी खेळण्याची रीत. तेव्हां धोका उघड होता. माजी विद्यार्थ्यांच्या देणगींतून एक धातुशोधक यंत्र घेण्यांत आलें व तें आमच्या स्वाधीन झालें.

लांब दांडा, त्याच्या टोकास ताटाएवढी तबकडी आणि मुठीजवळ लहानसा पडदा, असें त्याचें रूप. तबकडींत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात. एका वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं सतत बदलणारें चुंबकक्षेत्र तयार होतें. जवळ धातु असल्यास तिच्यांत भोंवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उठतात. त्यांचें क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यास जाणवतें आणि यंत्र वाजतें. हें सारें आम्ही वर्गांत फळ्यावर आकृति काढून शिकवीत आलों. मग यंत्र चालविण्यास आणखी काय शिकावयाचें, असें आम्हांस वाटलें.

दोन संध्याकाळ आम्हीं सबंध मैदान पालथें घातलें. एक पितळी कुलूप व ॲल्युमिनियमच्या वेष्टनांचे कांहीं तुकडे सांपडले. खिळा एकही नाहीं. मनांत शंका यावयास हवी होती, पण आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या उपासनेनंतर आम्हीं सर्व मुलांस सांगितलें कीं मैदान निर्धोक आहे. त्यानंतर चौथ्या दिवशीं इयत्ता सातवींतील एका खेळाडूच्या तळपायांत दोन इंची गंजका खिळा रुतला. जखम धुऊन त्यास दवाखान्यांत नेलें, धनुर्वाताची लस टोंचविली. पंधरवड्यानें जखम भरून आली. परंतु तो पंधरवडा आम्हांस फार मोठा गेला.

मुलाचे वडील सुतारकाम करतात. ते शाळेंत आले, तेव्हां चार कठोर शब्द ऐकण्याची आम्हीं तयारी ठेविली होती. ते रागावले नाहींत. टेबलावरचें यंत्र त्यांनीं न्याहाळलें आणि हळूच विचारलें, “सर, ह्याला खिळे हुडकायला सांगितलं होतं ना?” उत्तर देण्याऐवजीं आम्हीं यंत्र सुरू केलें. त्यांनीं खिशांतला एक खिळा तबकडीसमोर धरला. यंत्र गप्प. मग आम्हीं आपल्या कपाटाची पितळी किल्ली धरली, आणि तें खणखणून वाजलें. त्या क्षणीं खालीं पाहण्यावांचून आम्हांस गत्यंतर नव्हतें.

त्या रात्रीं पुस्तिका प्रथमच अथपासून इतिपर्यंत वाचली. नाणीं व दागिने शोधणारांस जमिनींतील लोखंडी कचऱ्याचा उपद्रव होतो. म्हणून लोखंड ओळखून त्याविषयीं मुकें राहण्याची सोय अशा यंत्रांत केलेली असते. आमचें यंत्र पेटींतून निघालें तेंच त्या स्थितींत. इतरांस जो कचरा, तेंच तर आमचें साध्य होतें! यंत्र खोटें बोललें नव्हतें. ज्या गोष्टीविषयीं न बोलण्याची त्यास आज्ञा होती, तिजविषयीं तें बोललें नाहीं. आणि त्याच्या मौनास आम्ही ‘नाहीं’ असें उत्तर समजलों.

याच जातीची एक चूक थोरांच्या हातूनही घडली आहे. सन १८८१ च्या जुलैच्या २ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांजवर गोळी झाडण्यांत आली व ती शरीरांत राहिली. ती शोधण्यासाठीं टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं अशाच तत्त्वावरील एक उपकरण आणलें. परंतु गोळी उजव्या अंगास आहे अशी मुख्य वैद्य ब्लिस यांची खात्री असल्यामुळें तीच बाजू तपासूं दिली गेली. त्यांत बिछान्याखालच्या पोलादी तारांचाही अडथळा आला. गोळी सांपडली नाहीं. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले, आणि शवपरीक्षेंत गोळी डाव्या अंगास निघाली. उपकरण जेथें धरावें तेथलेंच तें ऐकतें. कोठें धरावें हें मनुष्यानें ठरवावयाचें असतें.

आतां आम्ही नव्यानें उमेदवारी करूं लागलों. लोखंड वगळण्याची सोय बंद केली. मग बागेच्या कोपऱ्यांत २, ४ व ६ इंच खोलीवर खिळे पुरले, प्रत्येकाजवळ खुणेची काडी रोंवली, आणि ठाऊक असलेल्या वस्तूंवरून तबकडी फिरवून कान तयार केला. दोन इंचांवरचा खिळा स्पष्ट बोले, चार इंचांवरचा कुजबुजे, सहा इंचांवरचा बोलतच नसे. आडव्या खिळ्यावर पुष्कळदां दोन आवाज येत. खिळा मात्र दोहोंच्या मध्यें असे. आपला मुरूम काळ्या खडकाचा. त्यांत लोहकण असल्यानें मातीच गुणगुणे. त्यावर उपाय असा कीं, धातु नसलेल्या जागीं तबकडी वरखालीं करीत यंत्राचा जमिनीशीं मेळ घालावा. खिशांतल्या किल्ल्या, मोबाइल फोन आणि बुटांतील लोखंड दूर ठेवावें, हेंही अनुभवानें कळलें.

तथापि खरी मेख शाळेच्या शिपाईमामांनीं दाखविली. आम्ही झोक्यासारखी तबकडी फिरवीत होतों. प्रत्येक टोकास ती जमिनीपासून उचलली जाई. मामा म्हणाले, “सर, सारवायला बसलेली बाई अशी जागा सोडते का?” सारवणारीचा हात जमिनीस धरून चालतो आणि प्रत्येक फेर मागल्या फेरावर अर्धा चढतो. तेव्हांपासून आम्ही मैदानावर दोऱ्या बांधून एक-एक मीटरचे पट्टे पाडले, आणि सारवल्याप्रमाणें, सावकाश, प्रथम उभे व मग आडवे फिरलों. नऊ संध्याकाळींत १४२ खिळे व तारेचे ११ तुकडे निघाले. ज्या मैदानास आम्हीं निर्धोक म्हटलें होतें, त्याच मैदानांतून!

मुलांची उत्सुकता मग वाढली. “सर, यंत्र किल्ल्यावर नेऊं या का?” असें कित्येकांनीं विचारलें. संरक्षित स्मारकाच्या जागीं परवानगीवांचून खणणें हा गुन्हा आहे; आणि १८७८ च्या कायद्यान्वयें जमिनींत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावें लागतें, हें आम्हीं त्यांस समजावून दिलें. यंत्र मैदानापुरतेंच राहिलें.

शेवटीं उपासनेनंतर आम्ही पुन्हां मुलांपुढें उभे राहिलों. चूक यंत्राची नव्हती, आमची होती, हें प्रथम सांगितलें. त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. ‘मैदान निर्धोक आहे’ हे शब्द मात्र उच्चारले नाहींत. चार इंचांपर्यंत शोध केला आहे, त्याखालचें आम्हांस ऐकूं येत नाहीं, दर पावसाळ्यानंतर पुन्हां शोध होईल, तोंवर कॅनव्हासचे बूट घालूनच खेळावें, एवढेंच सांगितलें. तो मुलगा पहिल्या रांगेंत बसला होता. सभा संपल्यावर तो आमच्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, पुढच्या वेळीं दोरी मी धरूं?”

विद्यार्थिमित्रांनो, ह्या वर्षींचा पाऊस सरला म्हणजे दोरीचें एक टोंक त्याच्या हातीं असेल. दुसरें टोंक धरावयास ज्यास यावयाचें असेल, त्यानें आपलें नांव शिपाईमामांकडे द्यावें.