पोस्टरवर पोरीच मोठ्या दिसल्या पाहिजेत

धाराशिवला खो-खोची ओळख करून द्यावी लागत नाही. इथल्या सारिका काळेनं भारताच्या महिला संघाचं कर्णधारपद भूषवलं, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि गल्लीतल्या आयाबायासुद्धा ‘आमची पोरगी कधी जाणार’ असं विचारू लागल्या. त्याच सुमारास ओळखीचे एक प्रशिक्षक दुकानात आले. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फ्लेक्स ही आमची रोजची कामं. सर म्हणाले, “किशोरी गटाच्या मुलींची पोस्टरं करायची आहेत. प्रत्येकीचं वेगळं, आणि मैदानाच्या दारात लावायला सगळ्यांचं मिळून एक. क्रिकेटवाल्यांची असतात ना, तशी.”

तशी करायची नाहीत, हे मी तेव्हाच मनाशी ठरवलं. इंटरनेटवर क्रीडा पोस्टरांचे तयार साचे ढिगानं मिळतात. मागे वीज चमकते, धूर निघतो, हात बांधून उभा असलेला खेळाडू कपाळाला आठ्या घालून बघतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला असं उभं केलं की ती अवघडते, आणि फोटोत तिचा खेळ दिसतच नाही. खो-खो हा वाकून, वळून, झेपावून खेळायचा खेळ आहे. म्हणून स्टुडिओ नको, पडदा नको, फोटो मैदानावरच आणि सराव चालू असतानाच काढायचे, असं मी सरांना सांगितलं. त्यांनाही ते पटलं.

अडचण लगेच कळली. खो-खोत नऊ जणी मैदानात उतरतात. आठ जणी मधल्या पट्टीवरच्या चौरसांत बसतात आणि नववी पाठलाग करते. बसणाऱ्या आठ जणींची तोंडं आलटून-पालटून विरुद्ध दिशांना असतात. त्यामुळे बाजूच्या रेषेवरून फोटो काढला की चार चेहरे आणि चार पाठी येतात. ज्यांची पाठ आली त्यांच्या आयांना काय सांगणार? मग मी खांबाच्या मागे स्टूल टाकून उभा राहिलो. तिथून आठही जणी एकापाठोपाठ एक दिसतात. एकीचं तोंड डावीकडे, दुसरीचं उजवीकडे, पण प्रत्येकीची चेहरेपट्टी दिसते. लांब पल्ल्याच्या लेन्सनं ती रांग जवळ ओढली की डोक्यामागे डोकं, खांद्यामागे खांदा अशी घट्ट बसते आणि पुढे खांबाला हात लावून वळणारी नववी. राखीव मुली वाऱ्यावर सोडायच्या नव्हत्या. बचाव करणाऱ्या खेळाडू तीन-तीनच्या तुकडीनं मैदानात येतात, म्हणून त्यांचा फोटो तसाच, तिघींनी एकदम आत शिरतानाचा घेतला. संघाच्या पोस्टरवर दोन्ही चित्रं आली.

एकेकीचा फोटो काढायला मात्र धीर लागतो. खांबावरचा सूर म्हणजे या खेळातलं सगळ्यात देखणं दृश्य. एका हातानं खांब धरून मुलगी सगळं अंग हवेत झोकते आणि दुसऱ्या हाताची बोटं बचाव करणारीच्या पाठीपर्यंत ताणते. पळणाऱ्या मुलीवर कॅमेरा फोकस शोधत बसला तर तो क्षण निघून जातो. पण खांब कुठे पळत नाही. जमिनीपासून १२० ते १२५ सेंटिमीटर उंचीचा तो खांब जागच्या जागी असतो. मी त्याच्यावर फोकस धरून तसाच कायम ठेवला, शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा वाढवला आणि जमिनीवर पोटावर पडून वाट पाहत राहिलो. खालून घेतल्यामुळे मागची शाळेची भिंत, लावलेल्या मोटारसायकली, कुंपणावर वाळत घातलेली चादर हे सगळं चौकटीबाहेर गेलं आणि मुलीच्या मागे फक्त आभाळ राहिलं.

धुळीबद्दलही सांगतो. सायंकाळच्या तिरप्या उन्हात उडालेली धूळ फोटोत सोन्यासारखी दिसते, त्यामुळे ती सगळ्याच छायाचित्रकारांना हवी असते. पण सर सरावाआधी मैदानावर पाणी मारून घेतात. मुलींच्या नाकातोंडात माती जाऊ नये आणि पडल्यावर कातडं सोलवटू नये, यासाठी. फोटोसाठी ते थांबवा, असं म्हणायची मला गरज वाटली नाही. ओल्या मैदानावर बोटांचे, गुडघ्यांचे ठसे उमटतात, ते धुळीपेक्षा मला जास्त आवडले. एका मुलीच्या पोस्टरमध्ये तिच्या ढोपराला लागलेला चिखल आणि त्याखालची जुनी, खपली धरलेली जखम स्पष्ट दिसते. ती पुसायची का, असं मी तिलाच विचारलं. “राहू द्या की दादा,” ती म्हणाली, “ती जिल्ह्याच्या मॅचची आहे.” ती जखम तशीच ठेवली.

सगळ्यात जास्त बोलावं लागलं ते रंगाबद्दल. फोटो दाखवायला घेतले की कुणीतरी हळूच म्हणायचं, “भाऊ, पोरीला जरा उजळ करा की.” हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. लग्नाच्या अल्बमापासून श्रद्धांजलीच्या फ्लेक्सपर्यंत सगळ्यांना गोरं करायची सवय लागली आहे. मी नाही म्हटलं आणि का नाही तेही सांगितलं. उन्हातान्हात पळणाऱ्या मुलीचा रंग हा तिच्या मेहनतीचा रंग आहे. तो बदलून पोस्टर तिच्या हातात दिलं तर तिला कळतं की आपण आहोत तशा चालत नाही. बारा वर्षांच्या मुलीला हे शिकवायला माझं दुकान नाही.

छपाईत मात्र एक खरी अडचण असते आणि तिची गल्लत गोरं करण्याशी होते. स्क्रीनवर जे चित्र प्रकाशातून दिसतं, ते फ्लेक्सवर शाईतून उमटतं. शाई सावली गिळते. सावळ्या चेहऱ्यावरचे डोळे, गालाची कड, केसांची बट हे सगळं एक काळा डाग होऊन बसतं. त्यासाठी फक्त सावलीचा भाग थोडा उघडावा लागतो, कातडीच्या मूळ रंगाला हात न लावता. मी प्रत्येक चेहऱ्याची फूटभर पट्टी आधी छापून घेतली आणि दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहिली. पोस्टर उन्हातच लागणार होतं. दोघींच्या चेहऱ्याला तांबूस झाक येत होती, ती तिथेच सापडली. छपाई यंत्रावरचा मुलगा म्हणाला, कुणी एवढं पाहत नाही. मी म्हटलं, तिची आई पाहणार आहे.

अक्षरांची कथा थोडक्यात सांगतो. इंग्रजी साच्यांत मोठी अक्षरं ठासून, ओळीला ओळ भिडवून बसवलेली असतात. मराठीला ते चालत नाही. वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार, त्यांना श्वास घ्यायला जागा लागते. मी ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेनं केलेला ‘मुक्त’ हा फाँट घेतला. तो कुणालाही विनामूल्य मिळतो, त्याचं जाड वळण लांबून वाचता येतं आणि जोडाक्षरं फुटत नाहीत. फाइल छपाईला देण्याआधी अक्षरांचं रेखाटनात रूपांतर केलं, नाहीतर दुसऱ्या संगणकावर ‘श्रद्धा’चे तुकडे होतात. नावं मात्र मी हजेरीपटावरून उचलली नाहीत, प्रत्येकीच्या हातानं कागदावर लिहून घेतली. काहींनी वडिलांचं नाव लिहिलं, एकीनं आईचं. जसं लिहिलं तसंच छापलं.

मग आले शुभेच्छुक. मैदानाच्या दारातल्या पोस्टरवर अमुक नेत्याचा, तमुक भावी नगरसेवकाचा फोटो वरच्या बाजूला हवा, असा आग्रह मंडळातल्या काही जणांनी धरला. तो मान्य केला असता तर ६ फुटांतले २ फूट हात जोडलेल्या माणसांनी भरले असते आणि मुली टपाल तिकिटाएवढ्या झाल्या असत्या. मैदानासाठी, गणवेशासाठी ही माणसं पैसे देतात आणि त्यांचे आभार मानायलाच हवेत. म्हणून मी खाली एक पट्टी ठेवली आणि सगळ्यांची नावं एकाच आकारात, फोटोशिवाय घातली. ज्यांना फोटो हवाच होता, त्यांच्यासाठी वेगळा फ्लेक्स करून दिला, तो रस्त्याच्या पलीकडे लागला. सरांनी या बाबतीत माझी बाजू उचलून धरली, नाहीतर ते निभलं नसतं.

मुलींचे फोटो म्हणून आणखी एक गोष्ट आधीपासून पाळली. झेपावताना, पडताना कपडे सरकतात. असे सगळे फोटो संघाबरोबर असणाऱ्या ताईंनी मैदानावरच पाहून काढून टाकले. पालकांची संमती लेखी घेतली. प्रत्येकीच्या पोस्टरवर नाव, क्रमांक आणि संघ एवढंच ठेवलं. शाळा, गाव किंवा फोन नंबर कुठेही घातला नाही, कारण पोस्टर भिंतीवर लागलं तरी दुसऱ्या मिनिटाला ते मोबाइलवरून कुठल्या कुठे जातं. या बाबतीत पालक खूश होते की नाराज, हे बघायची गरज नाही. हे करायचंच असतं.

एकेकीची पोस्टरं मी जाड कागदावर ए-थ्री आकारात छापली. फ्लेक्स म्हणजे प्लास्टिकच. स्पर्धा संपली की ते खाली उतरतं आणि गोठ्यावर नाहीतर सरपणावर झाकण म्हणून जातं. कागदाचं पोस्टर मुलगी गुंडाळी करून घरी नेते. वाटप झालं त्या दिवशी एक आजी आपल्या नातीचं पोस्टर दोन्ही हातांनी लांब धरून बघत होत्या. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, “ही अशी उडते व्हय?” नात शेजारीच उभी होती, ती “हो” म्हणाली. आजीनं आजवर तिचा एकही सामना पाहिलेला नव्हता.

आता दर मोसमात दोन-तीन संघ येतात, मुलांचेही आणि मुलींचेही. त्यांच्या संयोजकांना माझी विनंती असते, तीच इथे करतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री येऊ नका. आठ दिवस आधी या आणि मला सरावाला बोलवा. तुमच्याकडचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते पाठवू नका, तिथे ते आक्रसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ६ बाय ४ फुटांच्या फ्लेक्सला इंचामागे ७२ ठिपके धरले तरी ५१८४ बाय ३४५६ पिक्सेल लागतात. फॉरवर्ड होत आलेल्या फोटोत ते नसतात, मग चेहरे चौकोन चौकोन दिसतात. नावं मुलांकडूनच लिहून आणा. राखीव खेळाडूंचीही आणा, कारण माझ्याकडे छापलेल्या प्रत्येक संघाच्या पोस्टरवर तेही असतात, आणि त्यांच्यासाठी मी वेगळे पैसे घेत नाही.