'गारवा' आणि कालव्याचं पाणी

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कधीकाळी 'गारवा'ची कॅसेट असेल. १९९८ साली आलेला हा अल्बम. सौमित्र म्हणजे अभिनेते किशोर कदम यांच्या कविता, संगीत आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. कुठल्याही चित्रपटातली गाणी नसताना ती घराघरात पोहोचली. पाऊस आणि कुणाची तरी आठवण, एवढाच त्यांचा विषय. लग्न होऊन पुण्याहून निघाले तेव्हा साड्यांच्या घडीत मी ती कॅसेट ठेवली आणि थेट तंजावर जिल्ह्यात, तिरुवैयारूजवळच्या एका गावात आणली.

पुण्याची मुलगी तंजावरला कशी, असं तुम्हाला वाटेल. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरचे राजे झाले. पुढे १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं, पण त्या काळात इथे आलेली मराठी कुटुंबं इथलीच झाली. माझ्या सासरचे लोक त्यांतलेच.

पहिल्या जूनमध्ये मी रोज आभाळाकडे बघत होते. पाऊस येईना. इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जूनमध्ये नुसता गरम वारा. दुपारी खोलीचं दार लावून मी 'गारवा' ऐकायचे आणि रडायचे.

त्यात घरात बोलायला माणूस नाही, असं माझं मत. सासूबाईंना सगळे अम्मा म्हणत. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधेमधे तमिळ शब्द, आणि क्रियापदांची रूपं आपल्यापेक्षा वेगळी. मी हसून त्यांची वाक्यं दुरुस्त करायचे. वाईट हेतू नव्हता हो. पण महिन्याभरात अम्मा माझ्याशी तमिळमध्ये बोलायला लागल्या. मला तमिळ येत नव्हतं. म्हणजे आमचं बोलणंच थांबलं, आणि ते माझ्यामुळे थांबलं हे मला कळलंही नाही.

एका सकाळी त्यांनी मला हाताला धरून घरामागच्या कालव्यावर नेलं. कालवा कोरडा ठणठणीत. थोड्या वेळाने लांबून काहीतरी सरकत येताना दिसलं. पुढे फेस, काडीकचरा, सुकलेली पानं आणि त्यामागे गढूळ पाणी. आजूबाजूची पोरं पाण्याच्या पुढे पुढे धावत होती. अम्मा कितीतरी दिवसांनी मराठीत बोलल्या. "हा तुझा पाऊस. तिकडे डोंगरात पडला. चालत आला, म्हणून उशीर."

खरंच होतं ते. जूनमध्ये पुण्याला भिजवणारा नैऋत्येचा मोसमी पाऊस कोडगूच्या डोंगरातही कोसळतो. कावेरी तिथेच उगम पावते. ते पाणी कर्नाटकातली धरणं भरून मेट्टूरच्या धरणात येतं. पुरेसा साठा असेल तर मेट्टूरचे दरवाजे १२ जूनला उघडायची प्रथा आहे. तीन-चार दिवसांत पाणी कल्लणै या चोळांच्या काळातल्या बंधाऱ्याशी पोहोचतं आणि तिथून फाट्याफाट्यांनी शेतांत जातं. त्यावर इथलं कुरुवै भाताचं पीक उभं राहतं. पाऊस इथेही जूनमध्येच येतो, फक्त पायाखालून.

त्या संध्याकाळी अम्मांनीच टेप लावायला सांगितला. गाण्याआधी सौमित्र कविता बोलतात, ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाल्या, "हा सावकाश बोलतो. मला सगळं कळतं. तू भरभर बोलतेस, आणि हसतेस." त्या दिवसापासून मी त्यांचं एकही वाक्य दुरुस्त केलं नाही. माफी मात्र मागितली नाही. मागायला हवी होती.

पुढे दर वर्षी, पाणी आलं की संध्याकाळी 'गारवा' लावायचा, असा आमच्या घरचा रिवाजच झाला. एकदाच मोडला. २०१२ साली मेट्टूरमध्ये पाणीच नव्हतं. धरण उघडलं ते थेट सप्टेंबरात. कुरुवैचा हंगाम गेला. मी जूनमध्ये सवयीने कॅसेट काढली, तर अम्मा म्हणाल्या, "शेत कोरडं असताना पावसाची गाणी नको." मला पाऊस म्हणजे विरह, हुरहूर, खिडकी. त्यांना पाऊस म्हणजे वर्षाचा तांदूळ. कॅसेट परत कपाटात गेली.

अम्मा आता नाहीत. टेपरेकॉर्डरही नाही. गेल्या जूनमध्ये कालव्याला पाणी आलं त्या दिवशी मी मोबाइलवर 'गारवा' लावला. विशीत मला वाटायचं, ही पावसाची गाणी आहेत. या वेळी ऐकताना जाणवलं, पाऊस तर दर वर्षी येतोच. गाणी आहेत ती जे माणूस येत नाही त्याची. गाणी तीच, आवाज तोच, ऐकणारी मात्र बदलली होती.

कविता सुरू झाली तेव्हा माझी मुलगी शेजारी बसली होती. ती घरात अम्मांसारखी मराठी बोलते, तशीच जुन्या वळणाची, तमिळ मिसळलेली. तिने विचारलं, "आई, हे सगळं मला कसं कळतं?"

"सावकाश बोलतात ना, म्हणून," मी म्हटलं.

तुमच्याकडेही एखादा जुना अल्बम असेल. या पावसाळ्यात तो पुन्हा लावून बघा, आणि जमलं तर घरातल्या ज्येष्ठ माणसाला शेजारी बसवा. आणि त्यांच्या बोलण्यात काही चुकलं, तर चुकू द्या.