आकडीतली कोयती

दक्षिण कोकणातला बागायतदार बागेकडे निघाला की त्याच्या पाठीमागे, कमरेच्या मधोमध, सुतळीने बांधलेला लाकडाचा एक ठोकळा दिसतो. ती आकडी. तिच्या खाचेत कोयती अडकवलेली असते, मूठ वर आणि पातं खाली. वर म्यान नाही की चामड्याचा पट्टा नाही. कोयतीला तिच्या स्वतःच्या बाकानेच जागेवर धरून ठेवलेलं असतं. चालताना ती लाकडावर हलकेच आपटते, आणि घरातल्या माणसाला मागच्या दारी कोण आलं ते न बघता कळतं.

कोयती पाठीमागेच का, याचं उत्तर माडावर चढणाऱ्याला विचारावं. चढताना पोट आणि छाती खोडाला घासत जातात आणि दोन्ही हात गुंतलेले असतात. पुढे किंवा कुशीला लोखंड चालणारच नाही. शेंड्यात पोचल्यावर एका हाताने झावळ धरायची, दुसरा मागे न्यायचा. मूठ बरोबर तळव्यात यावी लागते, कारण तिथे चाचपडायला सवड नसते. मिटणारा चाकू इथे कुचकामाचा. तो उघडायला दोन हात लागतात, आणि त्याच्या सांध्यात फणसाचा चीक एकदा गेला की तो पुढे उघडतच नाही. कोयतीला सांधा नाही. पात्याचीच शेपटी मुठीतून आरपार जाते आणि मागे वाकवलेली असते, म्हणजे भर जोरात घाव घातला तरी पातं निसटत नाही. चिकाचा बंदोबस्तही सोपा आहे, फणसाला हात घालण्याआधी पात्याला खोबरेल चोळायचं.

सह्याद्रीच्या रांगेने ही रीत खूप खाली दक्षिणेपर्यंत पोचलेली आहे. कोडगूमधले कोडव लोक रुंद, बाकदार ओडिकत्ती असंच पाठीमागे, तोडंग नावाच्या पितळी अडकणीत लावतात. त्यांच्याकडे ती सणासमारंभाच्या पोशाखात मानाने बसली. आमची कोयती मात्र कामाचीच राहिली. तिला चिखल लागतो, ती चुलीजवळ पडते, लग्नाच्या फोटोत तिला कोणी घेत नाही. मला याचं वाईट वाटतं. आमच्या बागा जिने राखल्या तिला गावाने थोडा मान द्यायला हरकत नव्हती.

राखल्या हा शब्द मी जपून वापरतोय. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाग बेणायला म्हणून असे क्वचितच जायचे. ते कुठेतरी जात असायचे, विहिरीवर, पाणंदीने दुकानात, शेजारच्या वाडीत कोणाच्या बाराव्याला, आणि जाता जाता हात मागे जायचा. वाटेवर आलेली करवंदीची फांदी, काजूवर चढू लागलेला वेल, कुंपणातून वाकलेली निवडुंगाची पाती, ज्याला एका घावापेक्षा जास्त लागणार नाही असं सगळं चालता चालता व्हायचं. कोयतीचं टोक आत वळलेलं असतं, त्याने वेल आधी जवळ ओढायचा आणि मग कापायचा. पाऊल थांबायचंही नाही. आमची पाणंद कायम मोकळी असायची, पण ती साफ करण्याचा दिवस म्हणून कधी ठरलेला मला आठवत नाही. अवजार अंगावर असलं की डोळ्याला काम दिसतं. तेच पडवीत टांगलेलं असलं तर तोच वेल आपण पाहतो, उद्या बघू म्हणतो, आणि आठ दिवसांत तो झाड झाकतो.

आता बहुतेकांकडे ग्रासकटर आहेत. मजूर मिळत नाहीत, तेव्हा त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ग्रासकटरसाठी पेट्रोल आणावं लागतं, माणूस ठरवावा लागतो, दिवस काढावा लागतो. मग बाग वर्षातून दोनदा साफ होते आणि मधले महिने तिच्याकडे कोणी बघत नाही. यंत्र येऊनही काही जागी कोयती टिकली हेही खरं. नारळ विकास मंडळाने 2011 पासून तरुणांना यंत्राने माडावर चढायला शिकवलं. चढण्याचा धोका कमी झाला, मात्र वर पोचल्यावर नारळाचा घड उतरवायला कमरेला पातं लागतंच.

गेल्या उन्हाळ्यात मुलीसाठी कोयती करून घ्यायला मेस्त्रींकडे गेलो. त्यांचा मुलगा पुढच्या शेडमध्ये ग्रिलचं वेल्डिंग करतो, मागे भट्टी अजून आहे. भात्याच्या जागी विजेचा पंखा आलाय, ऐरण मात्र जुनीच. मेस्त्रींनी मुलीला विचारलं, "माडार चढतलंस की वाडी बेणतलंस?" मग म्हणाले, "हात दाखय बघया." तिने डावा पुढे केला. ती डावखुरी आहे. मेस्त्री तो हात उलटासुलटा बघत राहिले आणि मान हलवली. त्यांच्या कोयतीला धार एकाच अंगाने असते, दुसरं अंग सपाट. उजव्या हाताच्या माणसाने डावखुऱ्याची कोयती चालवली तर घाव सरळ न जाता बाहेर सरकतो. बाजारातली तयार कोयती हा हात बघत नाही.

लोखंड म्हणजे ट्रकच्या कमानीचा तुकडा. कमानपाट्याच्या पोलादात कर्ब साधारण 0.5 ते 0.7 टक्के असतो, कडक होण्याइतका आणि तरी लवचीक राहण्याइतका. घडवणं तासाभरात झालं. मेस्त्रींनी खरा वेळ घेतला तो पाणी द्यायला. पातं लाल झाल्यावर त्यांनी पंखा कमी केला आणि शेडचं दार ओढून घेतलं, कारण रंग अंधारातच नीट कळतो. साधारण 770 अंशांवर लोखंडाला चुंबक धरत नाही, पोलाद त्याच्याही थोडं वर न्यावं लागतं. मेस्त्रींकडे चुंबक नाही, डोळे आहेत. त्यांनी फक्त धारेची कड पाण्यात बुडवली, जाड पाठ बाहेर ठेवली. कड थंड झाली, तिच्यावरची काजळी त्यांनी दगडाने घासून चकचकीत केली आणि पातं नुसतं धरून उभे राहिले. पाठीतली धग हळूहळू धारेकडे उतरू लागली आणि घासलेल्या पट्टीवर रंग सरकत आले, आधी फिका गवती, मग तपकिरी, त्यामागून जांभळा. धारेवर तपकिरी पोचला तसं अख्खं पातं पाण्यात गेलं. जांभळा येऊ दिला असता तर धार मऊ पडली असती. फिक्यावर थांबवलं असतं तर पहिल्याच सुक्या गाठीवर कपचा उडाला असता. माडाच्या झावळीला आणि काजूच्या फांदीला तपकिरीच चांगला, असं त्यांचं मत आहे. मी घरी येऊन पुस्तकात पाहिलं, त्या रंगाला पोलाद 250 अंशांच्या आसपास असतं.

तापवून लाल केलेली शेपटी मुठीत बसवली तेव्हा खैराच्या लाकडातून धूर निघाला. आकडी मेस्त्री करत नाहीत, ती मी घरी तासली.

कोयती घेऊन एस.टी.त बसताना ती गोणपाटात गुंडाळली. पूर्वी कोणी गुंडाळत नसे. पुण्याकडच्या बातम्यांत कोयता गँग आल्यापासून लोक बघतात, आणि त्यांचा दोष नाही. शस्त्रांच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती व शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलेलं आहे. ही सूट मला फार मोलाची वाटते, कारण पातं कशासाठी घडवलं हे तिथे विचारात घेतलंय. रस्त्यावर दहशत बसवायला कोयता उगारणाऱ्यांचा मला जो संताप येतो तो त्यांच्या गुन्ह्यापुरता नाही. सकाळी कोयती लावून बागेत जाणाऱ्या माणसाकडे त्यांनी संशयाने बघायला लावलं.

मुलीला मी चालवण्याआधी बाळगायला शिकवतोय. दुसऱ्याला देताना मूठ पुढे करायची. कोयती नुसती कमरेच्या दोरीत खोचायची नाही, आकडी नसेल तर हातात धरून चालायचं. मागून कोणी येत असेल तर घाव घालण्याआधी मान वळवून बघायचं. पावसात वापरली तर निजण्याआधी पुसून तेल लावायचं. कापायचं काही नसेल तेव्हा ती मागे आहे याची आठवण हाताला होऊ द्यायची नाही, हे सगळ्यात अवघड आहे. परवा विहिरीकडे जाताना तिने मिरीच्या वेलीवर चढलेली रानवेल टोकाने ओढून कापली. मिरीचं एक पानही तुटलं नाही.