व्हेनिसच्या प्रवासाची सिद्धता

काशीस निघालेल्या मनुष्यास पूर्वीं ‘कशाकरितां जातां?’ असें कोणी विचारीत नसे. व्हेनिसला निघालेल्यास मात्र हा प्रश्न जो तो विचारतो. आणि आमच्या वडनेर भोलजीसारख्या, मलकापूर व नांदुरा यांच्या मध्यें महामार्गावर वसलेल्या गांवांत तो पारावर, वाण्याच्या दुकानांत आणि देवळांत अशा तिन्ही ठिकाणीं विचारला जातो. प्रश्न वावगा नाहीं. जन्मभर मुलांकडून रामरक्षा व शब्दरूपावलि पाठ करून घेणाऱ्या, मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेल्या मास्तरानें साठी उलटल्यावर इटलींतील कालव्यांचें शहर पाहण्याचा हट्ट धरावा, तर त्याचें कारण त्याला सांगतां आलें पाहिजे.

निमित्त अगदीं घरगुती आहे. धाकटे चिरंजीव नोकरीमुळें जर्मनींत म्यूनिक येथें असतात. सूनबाईंचा आग्रह असा कीं, आम्हीं उभयतांनीं एक महिना त्यांच्याकडे राहावें आणि त्यांतले चार दिवस आम्हांस रुचेल तें एखादें स्थळ पाहावें. म्यूनिकहून व्हेनिसला थेट आगगाडी जाते. आल्प्स पर्वत ब्रेनर खिंडींतून ओलांडून ती सुमारें सात तासांत पोंचते. एवढें कळल्यावर पॅरिस, रोम वगैरे नांवें आमच्या घरांत पुन्हा निघालीं नाहींत. सौभाग्यवतींचें कारण सरळ आहे. १९७९ सालीं ‘द ग्रेट गॅम्बलर’ नांवाचा हिंदी बोलपट निघाला; त्यांतील एक गाणें व्हेनिसच्या नावेंत चित्रित केलेलें आहे. लग्नापूर्वीं मैत्रिणींसह तो खामगांवीं पाहिल्यापासून ती नाव तिच्या मनांतून गेलेली नाहीं. हें तिनें मला चाळीस वर्षांनंतर सांगितलें, त्यावरून आमच्या पिढींतील बायका काय काय पोटांत ठेवून संसार करीत आल्या ह्याची वाचकांनीं कल्पना करावी.

माझें कारण तिच्या गळ्यांत होतें. आमच्या आईची माळ अकरा पुतळ्यांची होती. १९७२ च्या दुष्काळांत वडिलांनीं पांच मोडल्या. दोन ताईच्या लग्नांत गेल्या. उरलेल्यांपैकीं दोन वहिनींकडे व दोन आमच्याकडे आल्या. पुतळीवर दोन आकृति असतात, एक उभी आणि एक गुडघे टेंकलेली. आजी त्यांना राम आणि मारुति म्हणे व दसऱ्यास माळेला हळदकुंकू वाही. प्रवासाच्या निमित्तानें वाचूं लागलों तेव्हां कळलें कीं, हें नाणें मूळचें व्हेनिसचें. १२८४ सालीं तेथें ‘ड्युकट’ नांवाचें सोन्याचें नाणें पाडण्यास आरंभ झाला. वजन सुमारें साडेतीन ग्रॅम, सोनें जवळजवळ निर्भेळ. आणि १७९७ सालीं नेपोलियननें तें प्रजासत्ताक बुडवीपर्यंत, म्हणजे पांचशेंहून अधिक वर्षें, त्याचा कस ढळला नाहीं. उभी आकृति त्या नगरीचे रक्षक संत मार्क यांची; त्यांच्यापुढें गुडघे टेंकलेला तो तेथील राज्यप्रमुख, ‘दोज’. मिरीं, मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यांत हें सोनें इजिप्त व तांबडा समुद्र या वाटेनें आपल्या किनाऱ्यास लागे, पेठांतून फिरे आणि शेवटीं सुवासिनींच्या गळ्यांत विसांवे. पुढें आपल्या सोनारांनींही त्याच छापाच्या पुतळ्या घडविल्या. आमच्या दोहोंपैकीं तिकडची कोणती व इकडची कोणती, ह्या चौकशीच्या भरीस मी पडलों नाहीं. आजीचे राम-मारुति कसोटीवर घांसावयास माझा हात धजेना.

व्हेनिसमध्यें टांकसाळीस ‘झेक्का’ म्हणत. हा शब्द अरबी ‘सिक्का’ ह्यापासून झालेला. आणि आपला ‘शिक्का’ हाही त्याच शब्दाचा, फारसीच्या वाटेनें आलेला वंशज. ज्याला व्युत्पत्तीचें व्यसन आहे त्याला ह्याहून वेगळें निमंत्रण नको. ती टांकसाळीची इमारत अद्यापि उभी असून तींत आतां ग्रंथालय आहे. पुतळी बरोबर न्यावी आणि त्या दगडी भिंतीला एकदां टेंकवून परत आणावी, असा सौ.चा बेत होता. परंतु आमच्या वकील पुतण्यानें तो मोडला. शंभर वर्षांहून जुनें नाणें पुराण वस्तूंत मोडतें, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणें अशी वस्तु खासगी मनुष्यास देशाबाहेर नेतां येत नाहीं. तेव्हां पुतळ्या वहिनींच्या पेटींत राहतील. आम्ही त्यांचें छायाचित्र नेऊं आणि तेथील कोर्रेर संग्रहालयांत त्यांच्या बहिणी पाहूं.

गांवांतील एका वृद्ध गृहस्थांनीं समुद्रोल्लंघनाची आठवण काढली. त्यांना मीं नम्रपणें सांगितलें कीं, बौधायनानें समुद्रसंयान पातकांत घातलें आहे खरें, पण त्याच धर्मसूत्रांत उत्तरेकडील लोकांचे विशेष आचार सांगतांना तेंही गणिलें आहे. शिवाय आम्हीं जाणार तें विमानानें. ह्या शेवटच्या मुद्द्यानेंच त्यांचें समाधान अधिक झालें.

दादांचा विरोध धर्माचा नव्हे, हिशेबाचा. ते माझ्याहून सहा वर्षांनीं वडील असून घरचा खर्च आजही त्यांच्या वहींतून चालतो. त्यांचें म्हणणें असें कीं, माडीचें छप्पर गळत असतां, जें गांव स्वतःच पाण्यांत बुडत चाललें आहे तेथें चार लाख रुपये नेऊन ओतणें हा शहाणपणा नव्हे. बुडण्याविषयीं ते म्हणतात तें खोटें नाहीं. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं तेथें समुद्र नेहमींच्या पातळीहून १९४ सेंटिमीटर वर चढला होता, आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजीं १८७ सेंटिमीटर. त्यावर उपाय म्हणून खाडीच्या तीन मुखांशीं समुद्राच्या तळावर ७८ पोलादी दारें बसविलीं आहेत. भरती फार येणार असें दिसलें कीं तीं वर उचलतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं भरती अडविण्यासाठीं तीं प्रथम उचललीं, आणि शहर कोरडें राहिलें. दादांनीं हें ऐकून घेतलें व ‘दारें त्यांचीं, छप्पर आपलें’ एवढेंच म्हणाले.

आतां ज्या एका गोष्टीसाठीं मी खरोखर जात आहें ती सांगतों. आमच्या तालुक्याच्या उत्तरेस पूर्णा वाहते, आणि तिच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. जमीन काळीभोर, पण विहिरीचें पाणी खारट. तें पिकास चालत नाहीं आणि माणसास तर मुळींच नाहीं. ह्या पट्ट्यांतील मूत्रपिंडाच्या विकारांचा बोभाटा कित्येक वर्षें चालू आहे. संग्रामपूर, जळगांव जामोद भागांत वान धरणाचें पाणी नळानें येऊं लागलें ही अलीकडची गोष्ट. आमची ताई पूर्णाकांठच्या गांवीं दिलेली होती. तिचे यजमान बावन्नाव्या वर्षीं त्याच विकारानें गेले. शेवटलीं दोन वर्षें आठवड्यांतून दोनदां अकोल्याच्या फेऱ्या होत. तेव्हांपासून ताई आमच्याकडेच असते. आजही कोठें परक्या घरीं गेली कीं पाणी आधीं जिभेच्या टोंकानें चाखून मग पिते.

अशा माणसाच्या हातीं व्हेनिसच्या विहिरींची हकीगत पडली म्हणजे काय होईल? चहूंकडे समुद्र, खालीं चिखल, गोड झरा नाहीं. आणि तरीही शतकानुशतकें लाखावर माणसें त्या बेटांवर नांदलीं. तीं पावसाचें पाणी पीत. तेथील चौकाचौकांत कोरीव दगडी कठडे दिसतात. प्रवासी त्यांना टेंकून छायाचित्र काढतात व पुढें जातात. त्यांच्याखालीं खरी विद्या आहे. पांचसहा मीटर खोल विस्तीर्ण खड्डा खणून त्याला आंतून चिकण मातीचें जाड अस्तर द्यावयाचें, म्हणजे बाहेरचें खारें पाणी आंत शिरत नाहीं. मध्यभागीं विटांची गोल विहीर उभी करावयाची, आणि तिच्याभोंवतीं सर्व खड्डा स्वच्छ वाळूनें भरून टाकावयाचा. वर फरसबंदी, तिला उतार देऊन दोन किंवा चार ठिकाणीं दगडी जाळ्या. पाऊस पडला कीं पाणी जाळ्यांतून वाळूंत उतरतें, गाळत गाळत मध्यें येतें, आणि विहिरींत गोड पाणी जमतें. दोजच्या राजवाड्याच्या अंगणांत तर सोळाव्या शतकांतले दोन कठडे कांशाचे आहेत. पाऊस कमी झाला तर मुख्य भूमीवरून ब्रेंता नदीचें पाणी होड्यांत भरून आणीत. १८८४ सालीं नळाचें पाणी आलें आणि ह्या विहिरी मिटल्या.

लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, व्हेनिसचा वार्षिक पाऊस आपल्या भागांतील पावसाहून फारसा अधिक नाहीं. भेद इतकाच कीं, त्यांचा बाराही महिने वांटून पडतो, आपला चार महिन्यांत धों धों येतो व नाल्यानें निघून जातो. मी ज्या शाळेंत होतों तिच्या पत्र्यांवरून एकेका सरीस किती पाणी जाई, आणि मुलें मात्र घरून बाटल्या आणीत! आपल्याला वाळूचा खड्डा अधिक मोठा करावा लागेल, वर झांकण चांगलें लागेल. परंतु युक्ति तीच. तेव्हां मला व्हेनिसमध्यें दिवसांतून एकतरी चौक निवांतपणें बसून, उतार किती, जाळ्या कठड्यापासून किती अंतरावर, हें मोजून पाहावयाचें आहे.

हें काम तीन तासांत होत नाहीं, म्हणून यात्राकंपन्यांचीं ‘बारा दिवसांत सात देश’ हीं पत्रकें आम्हीं बाजूस ठेविलीं. सकाळीं येऊन संध्याकाळीं जाणाऱ्यांच्या लोंढ्यास तें शहर विटलें आहे. २०२४ च्या २५ एप्रिलपासून कांहीं ठराविक दिवशीं अशा एकदिवशी पाहुण्यांकडून पांच युरो प्रवेशशुल्क घेऊं लागले, आणि २०२५ त आयत्या वेळीं नांव नोंदविणाऱ्यास दहा. रात्रीं मुक्काम करणाऱ्यास तें माफ. त्याला निवासाबरोबर वेगळा कर असतो. मुळांत आतां तेथें राहतोच कोण? १९५१ सालीं जुन्या शहरांत सुमारें पावणेदोन लक्ष लोक होते; २०२२ त तो आंकडा पन्नास हजारांच्या खालीं आला. आमच्या वाड्यांत माझ्या लहानपणीं पंक्तीला एकवीस पानें मांडीत, आतां पांच मांडतात. हे आंकडे वाचून दादा प्रथमच गप्प बसले.

बाकीची तयारी थोडक्यांत सांगतों. मुख्य मुक्काम जर्मनींत असल्यामुळें प्रवेशपरवाना जर्मनीचाच काढावा लागतो. तो इटलींतही चालतो. त्यासाठीं निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. महिना मार्चचा धरिला आहे, कारण शरदापासून पुढें भरतीचें भय, उन्हाळ्यांत गर्दीचें. आणि गुढीपाडव्याच्या आंत घरीं परतणें वहिनींनीं अट म्हणून घातलें आहे. शहरांत मोटार नाहीं, सायकलही नाहीं. चारशेंवर पूल, आणि बहुतेकांना पायऱ्या. सौ.चे गुडघे दुखतात, म्हणून उतरावयाची जागा नावेच्या धक्क्यापासून एकही पूल न चढतां गांठतां येईल अशी सूनबाईंनीं नकाशावर शोधून काढली. सामान एकेक लहान पेटी. संत मार्कच्या चौकांतील उंच मनोरा १९०२ सालीं अकस्मात् कोसळला व १९१२ पर्यंत पुन्हा बांधला. त्यांत वर जाण्यास पाळणा आहे, त्यामुळें तो दोघांनाही पाहतां येईल. कबुतरांस दाणे टाकण्यास २००८ पासून बंदी आहे, हें ऐकून सौ. किंचित् हिरमुसली. गोंडोला नावेचें सरकारी भाडें दिवसा अर्ध्या तासास ९० युरो. दादांच्या वहींत ही रक्कम मीं ‘नदी उतराई’ ह्या सदराखालीं लिहिली आहे. जेवणाची अडचण नाहीं. तिकडे मक्याच्या पिठाची घाटी करतात, तांदूळ-मटाराचा भात करतात. मात्र मांसाचा रस्सा घातला नाहीं ना, हें प्रत्येक वेळीं विचारावयाचें. तें वाक्य इटालियनमध्यें नातीनें मला पाठ करविलें आहे. मेतकूट व जवसाची चटणी ताई देणार आहे.

दादा अद्यापि खर्चाच्या बाजूनें झालेले नाहींत. परंतु परवां ते मागच्या अंगणांत पावलांनीं अंतर मोजतांना दिसले. तुळशीवृंदावन हलवावें लागेल काय, असें वहिनींनीं विचारिलें. तेव्हां, ‘नको, त्याच्या डावीकडे जागा पुरेशी आहे,’ असें ते म्हणाले.