माळ्यावरचें खोकें

गोष्टीची परीक्षा तिच्या पहिल्या पानावरून करावी, असा माझा जुना हेका आहे. गेलीं तीस वर्षें मी कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों, त्यांपैकीं निम्मीं तरी वर्षें "ही गोष्ट येथूनच कां सुरू होते?" हा एकच प्रश्न मीं निरनिराळ्या शब्दांत विद्यार्थ्यांपुढें टाकला असेल. होमरनें ओडिसियसची कथा त्याच्या भटकंतीच्या अगदीं अखेरीस उचलली. भवभूतीनें रामाची कथा वनवासापासून न धरतां राज्याभिषेकानंतर धरली. असें कां, हें ज्याला सांगतां आलें त्याला पुढची गोष्ट अर्धी समजली, असें मी वर्गांत ठांसून सांगतों. हीच कसोटी एके दिवशीं घरांतल्याच एका धुळकट खोक्याला लावावी लागेल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

त्याचें असें झालें. गेल्या दिवाळीला आमचे चिरंजीव दहा दिवसांच्या रजेवर घरीं आले होते. सौ.नें त्यांना माळा झाडावयास चढविलें, आणि थोड्या वेळानें वरून हांक आली, "बाबा, हें पाहा काय सांपडलें!" खालीं आलें तें पुठ्ठ्याचें एक खोकें. आंत काळें प्लेस्टेशन यंत्र, पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या पिनांची गुंतवळ, आणि मित्रांकडून अदलाबदलीनें मिळविलेल्या तबकड्यांची चळत : सातव्या खेळाच्या तीन, नवव्याच्या चार. तें खोकें माळ्यावर कुणीं ठेविलें होतें हें आम्हां दोघांनाही ठाऊक होतें. त्या क्षणीं तो विषय कुणीं काढला नाहीं, आणि मीही तो जरा मागें ठेवतों.

माझा गुडघा त्या दिवसांत दुखत होता. फिरणें बंद, वाचून डोळे शिणलेले. यंत्र टीव्हीला जोडलें आणि आश्चर्य म्हणजे तें चाललेंही. "मला फक्त आरंभ दाखव," मी म्हणालों. "प्रत्येक खेळाचा पहिला तासभर. शेवटाचें मग पाहूं." चिरंजीव हंसला. बापानें इथेंही पेपर तपासायला घेतले, असें त्याच्या मनांत आलें असावें.

ह्या खेळांची माला जपानी. नांव 'फायनल फँटसी'. पहिला खेळ १९८७ च्या डिसेंबरांत निघाला. हिरोनोबु साकागुची हे तिचे जनक. नांवांत 'अंतिम' असून २०२३ पर्यंत मुख्य मालेंतले सोळा खेळ झाले. आमच्याकडे नाटक कंपन्यांचे 'शेवटचे तीन प्रयोग' असत, त्यांतलाच हा प्रकार. ह्या खेळांत खेळणारानें एका पात्राची भूमिका घ्यावयाची, त्याला चालवावयाचें, लढवावयाचें, लोकांशीं बोलवावयाचें, आणि अशा रीतीनें चाळीस-पन्नास तासांत एक कादंबरी पुरी करावयाची. गंमत अशी कीं, प्रत्येक खेळांतलें जग आणि माणसें साधारणपणें निराळीं. मागल्या खेळांतून पुढें येतात त्या कांहीं वस्तु : उडतीं जहाजें, घोड्याचें काम करणारा चोकोबो नांवाचा थोरला पिवळा पक्षी, आणि स्फटिक.

पहिल्या खेळाचा आरंभ आजीच्या गोष्टीसारखा आहे. वारा थांबला आहे, समुद्र खवळला आहे, जमीन नासत चालली आहे. चार तरुण हातांत चार विझलेले स्फटिक घेऊन एका राजाच्या दारांत येतात. राजकन्येला एका सरदारानें पळविलें आहे. हिला सोडवण्यांतच सारा खेळ संपणार असें वाटतें. पण ती पहिल्या अर्ध्या तासांतच सुटते. राजा खूष होऊन नदीवर पूल बांधून देतो, आणि तो ओलांडल्यावर खेळाची नांदी पडद्यावर येते. आजीची गोष्ट जेथें संपली असती तेथें ही सुरू झाली! एवढ्या एका युक्तीसाठीं मीं त्या खेळाला दुसरा वर्ग दिला. दुसऱ्या खेळांत साम्राज्यानें गांव जाळलें म्हणून पळणारीं चार पोरकीं मुलें आहेत, आणि पहिलीच लढाई अशी कीं कितीही कौशल्य दाखवा, हरावेंच लागतें. तिसरा व पांचवा हे पुन्हां स्फटिकांचेच. एकांत भूकंप होतो, दुसऱ्यांत वारा पडतो. परीक्षकानें त्यांना उत्तीर्ण करून गठ्ठा पुढें ढकलला.

चौथ्यापाशीं मात्र मी थांबलों. हा १९९१ चा. ह्यांतही स्फटिक आहे, पण तो कुणा राक्षसानें चोरलेला नाहीं. नायकानेंच लुटून आणलेला आहे. सेसिल हा बॅरन राज्याच्या वायुदळाचा सेनापति. निःशस्त्र लोकांना मारून तो स्फटिक घेऊन परततो, तेव्हां जहाजावरचे त्याचेच शिपाई खालच्या मानेनें कुजबुजत असतात. राजाला तो भीत भीत विचारतो, हें कशासाठीं? उत्तर म्हणून त्याचें सेनापतिपद जातें, आणि त्याच्या हातांत एक पुडकें ठेवलें जातें : डोंगरापलीकडल्या मिस्ट गांवांत हें नेऊन पोंचव. तो नेतो. वाटेंत आडवा आलेला एक धुक्याचा नाग मारतो. गांवांत पाऊल टाकतांच पुडकें आपोआप उघडतें, त्यांतून आगीचे गोळे बाहेर पडतात, आणि गांव जळून जातें. एका घराजवळ एक लहान मुलगी आईच्या प्रेतापाशीं रडत असते. तो नाग तिच्या आईनें मंत्रानें बोलाविलेला होता. नाग मेला तेव्हांच आईही मेली होती.

मीं यंत्र थांबवायला सांगितलें. चहा घ्यायचा आहे, असें निमित्त केलें.

आतां तो मागें ठेवलेला विषय. २००९ सालच्या डिसेंबरांत चिरंजीव दहावीला होता. सहामाहींत गणितांत कमी गुण पडले होते. शिकवणीच्या मास्तरांनीं मान हलविली, शेजाऱ्यांनीं आपल्या मुलाचें वेळापत्रक दाखविलें, आणि एका संध्याकाळीं तो खेळत बसला असतांना मीं भिंतीवरचें बटण बंद केलें. मी ओरडलों नाहीं. हात उगारला नाहीं. यंत्र, पिना, तबकड्या सगळें नीट खोक्यांत भरलें, वर सुतळी बांधली, आणि "परीक्षा झाली कीं देईन" असें म्हणून माळ्यावर टाकलें. परीक्षा झाली. गुण भरघोस पडले, पेढे वांटले. त्यानें खोकें मागितलें नाहीं, आणि मला त्याची आठवण राहिली नाहीं. न मागणें हा मीं आज्ञाधारकपणा समजलों, आणि चारचौघांत त्याचें कौतुकही केलें. त्या पुडक्यांत काय आहे हें मीं विचारलें नव्हतें.

चहा झाल्यावर सहावा खेळ लावला. हा १९९४ चा, आणि माझ्या मतें सबंध मालेंत रचनेच्या दृष्टीनें हाच सर्वांत धाडसी. येथें ते चार स्फटिक नाहींत. जादू हजार वर्षांपूर्वींच्या युद्धांत नष्ट झाली आहे. एक साम्राज्य यंत्रांच्या साह्यानें ती पुन्हां उकरून काढीत आहे. बर्फांतून तीन अवजड यंत्रें एका खाणीच्या गांवाकडे चाललीं आहेत. त्यांतल्या एकांत बसलेल्या टेरा नांवाच्या तरुणीच्या कपाळावर असें एक कडें आहे कीं, तिची इच्छाच उरलेली नाहीं. पण खरा आरंभ पुढें आहे, असें चिरंजीव म्हणाला, आणि नियम मोडून त्यानें तो सांगितला. अर्ध्या खेळांत जगाचा नाश होतो. नायकांचा पराभव होतो, भूमि फाटते, सोबती कुठल्या कुठें फेंकले जातात. एका वर्षानें सेलिस नांवाची स्त्री एका ओसाड बेटावर शुद्धीवर येते. जवळ फक्त तिचा आजोबासारखा सिड, आणि तो आजारी. त्याला मासे पकडून भरवावयाचे. सावकाश पोहणारे मासे सहज हातीं लागतात, पण ते त्याला बाधतात. चपळ मासे त्याला बरें करतात, पण ते धरणें कठीण. "मी पहिल्यांदां खेळलों तेव्हां म्हातारा गेला," चिरंजीव म्हणाला. "मग ती कड्यावरून उडी टाकते. मरत नाहीं; पण मला दोन दिवस जेवण गेलें नव्हतें. आईला वाटलें ताप आहे." मीं त्या दोन दिवसांत काय करीत होतों, हें आठवून पाहिलें. बहुधा पेपर तपासत असेन.

सातवा, १९९७ चा, सर्वांत प्रसिद्ध. त्यांत एक वीज कंपनी पृथ्वीच्या पोटांतला प्राणरस उपसून शहराला दिवे पुरविते, आणि नायक भाडोत्री शिपाई होऊन तिचें केंद्र उडवायला आगगाडीनें येतो. पुढें कळतें तें असें कीं, त्यानें सांगितलेला आपला पूर्वेतिहासच खरा नाहीं. मित्राच्या पराक्रमाची स्मृति त्यानें आपली म्हणून पांघरली आहे. असा निवेदक इंग्रजी कादंबरींत भेटला असतां मीं त्यावर दोन तास व्याख्यान दिलें असतें. नवव्यांतला विवी हा छोटा जादूगार आपण कारखान्यांत बनविलेलें बाहुलें आहों आणि आपल्या जातीचीं बाहुलीं वर्षभरांत थांबतात, हें कळल्यावर काय करतो, तेंही पाहण्यासारखें आहे. पण चौथी तबकडी अडकूं लागली होती. सोळावा खेळ मीं पाहिला नाहीं, चिरंजीवानें जेवतां जेवतां सांगितला. त्यांतले प्रचंड स्फटिकच भूमीचा जीव शोषून घेतात, म्हणून नायक ते एकेक फोडीत सुटतो. पहिल्या खेळांत स्फटिक पुन्हां उजळण्यासाठीं निघालेले तरुण, आणि छत्तीस वर्षांनीं तेच स्फटिक फोडणारा हा! एकाच घराण्यांतल्या आजोबा-नातवंडांचीं मतें इतपतच जुळतात.

खोक्याच्या तळाशीं दहावा होता. २००१ चा. त्या डिसेंबरांत यंत्रांत होती ती हीच तबकडी.

त्याचा आरंभ पाहतांना माझ्यांतला मास्तर सुखावला. एका पडक्या शहराबाहेर शेकोटी पेटली आहे. भोंवतीं सहासात माणसें मुकाट बसलीं आहेत. एक तरुण उठतो, उंचवट्यावर उभा राहतो, आणि आपली गोष्ट सांगूं लागतो. म्हणजे प्रवास जवळजवळ संपल्यावर आरंभ! टीडस हा त्याच्या शहरांतला नांवाजलेला खेळाडू. 'सिन' नांवाचा डोंगराएवढा जलराक्षस शहरावर चालून येतो, आणि टीडस भलत्याच जगांत जाऊन पडतो. तेथें युना नांवाची मुलगी यात्रेला निघाली आहे. यात्रेच्या शेवटीं तिला सिनला मारण्याची शक्ति मिळेल, आणि लोकांना कांहीं वर्षें शांततेचीं मिळतील. यात्रा संपल्यावर आपण अमुक पाहूं, तमुक करूं, असे बेत टीडस तिला ऐकवितो. सोबतचीं माणसें खालीं पाहतात. ती शक्ति वापरणारी व्यक्ति मरते, हें त्या एकट्यालाच ठाऊक नसतें. भवभूतीच्या पहिल्या अंकांत सीता निर्धास्त झोंपते आणि तिचें भवितव्य प्रेक्षकाला दिसत असतें. येथें प्रेक्षकही त्या पोराइतकाच आंधळा. कळतें तेव्हां दोघांना एकदमच कळतें.

आणि सिन कोण, तर टीडसचा बाप. जेक्ट नांवाचा हा बाप दारू पिणारा, पोराच्या रडण्याची थट्टा करणारा, घर टाकून नाहींसा झालेला. मागल्या यात्रेंत त्यानें लोकांसाठीं आपला देह दिला, आणि त्याचाच हा राक्षस झाला.

चिरंजीवानें आरंभ दाखवून झाल्यावर जुनें मेमरी कार्ड घातलें. त्यावर एकच नोंद होती : झानारकंद, अडतीस तास. "म्हणजे कुठें?" मीं विचारलें. "ह्या शेकोटीपाशींच," तो म्हणाला. "गोष्ट सांगून संपते आणि पुढचें घडूं लागतें, तिथें."

"अरे, मग नंतर शेवट कुठेंही पाहतां आला असता. आंतरजालावर सगळें असतें."

"पाहायचा नव्हता."

त्या रात्रीं आणि दुसऱ्या रात्रीं तो खेळला. मीं मध्यें एकदां विचारलें, "मी धरूं का थोडा वेळ?" "नको बाबा." यात्रेकरूंनीं मरणाची ती जुनी रीत नाकारली, सिनच्या पोटांत शिरले, आणि शेवटीं बाप-लेक समोरासमोर आले. आपल्याला थांबवा असें बापच त्यांना विनवितो. लढाई संपल्यावर मुलगा बापाला मांडीवर घेऊन रडतो आणि तुमचा मला राग येतो असें सांगतो. घड्याळांत दोन वाजले होते. सौ. केव्हांच झोंपली होती.

"तूं तें खोकें कधीं मागितलें कां नाहींस?" मीं पडद्याकडे पाहतच विचारलें.

"तुम्ही द्याल असें वाटलें होतें," तो म्हणाला. कांहीं वेळानें म्हणाला, "मग सवय झाली."

मीं चुकलों असें म्हटलें. तें त्यानें ऐकून घेतलें. "जाऊं द्या" असें म्हटलें नाहीं, आणि मला तें बरें वाटलें. शेवटच्या लढाईआधींची नोंद करतांना त्यानें नवी जागा घेतली होती. अडतीस तासांची ती जुनी नोंद तशीच ठेवली आहे.

तो गेल्यावर सौ.नें विचारलें, "खोकें पुन्हां माळ्यावर टाकायचें ना?" मीं नको म्हटलें. संध्याकाळीं कॉलेजांतून आल्यावर मी सहावा खेळ लावतों. माझीं बोटें जड आहेत, लढायांत दहादां हरतों, आणि रविवारीं फोनवर चिरंजीवाची मदत घेतों. गेल्या आठवड्यांत जगाचा नाश झाला. सध्यां मी बेटावर आहें. किनाऱ्याशीं चपळ मासे येतात आणि हातांतून निसटतात. म्हातारा अजून अंथरुणावरच आहे.